धाकट्या लक्ष्मीचं पाऊल

"कुणाच्या पावलांनी आलीस गं बाई?"

सासूबाईंचा तो आवाज अजून कानात आहे. दाराच्या आतून यायचा, ताटावर वाजणाऱ्या पळीच्या ठोक्यांवरून उडी मारून यायचा. बाहेर तुळशीपाशी आम्ही दोघी जावा उभ्या. हातात महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे, थोरली लक्ष्मी थोरल्या जावेच्या हातात, धाकटी माझ्या. तळवे परातीतल्या कुंकवाच्या पाण्यात बुडवलेले. उत्तर ठरलेलं असायचं.

"सोन्याच्या पावलांनी."

"काय घेऊन आलीस?"

"दूध आणलं, दाणा आणला, हसतं लेकरू आणलं."

मग उंबरा ओलांडायचा, आणि दारापासून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, तिथून देवापर्यंत लाल पावलं उमटवत जायचं. तीन दिवस ती पावलं कुणी पुसायची नाहीत. झाडूसुद्धा कडेकडेनं फिरायचा. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई आधी लक्ष्मीचं तोंड बघायची आणि मग फरशी.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्यांना सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि आळीतल्या बायकांना म्हणाल्या, "हे बघा गं धाकटीचं पाऊल. बोट न् बोट उमटलंय. मधली कमान बघा, जशी काही कोयरी काढलीय." मग शेजारचं पाऊल बघून म्हणाल्या, "अन् ही आमची थोरली. पोळपाट नुसता."

सगळ्या हसल्या. सगळ्यांत जास्त थोरल्या जाऊबाईच हसल्या. त्यांचं नाव गोदावरी, मी त्यांना अक्का म्हणायची. "असू द्या," त्या म्हणाल्या, "पोळपाटाशिवाय पोळी होती का कुठं?"

सेलूला आमचं भांड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. गिऱ्हाईक कळशीवर टिचकी मारून आवाज ऐकायचं आणि मगच घ्यायचं. त्या घरात नांदून नांदून मलाही सवय लागली होती, कुठलाही आवाज आला की आधी वाटायचं, हा खणखणीत की बद्द? ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी माझाच एक पाय बद्द वाजत होता.

त्या भाद्रपदात सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. महालक्ष्म्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. मागच्या ओट्यावर अक्का चिंचेनं मुखवटे घासत बसल्या होत्या. वर दोरीला फुलोऱ्याच्या करंज्या आणि वेण्या ओवायच्या राहिल्या होत्या, त्या मी ओवत होते. बरेच दिवस मनात घोळवलेलं वाक्य मी करंजीकडं बघत बोलून टाकलं.

"अक्का, यंदा धाकटीला पल्लवी आणू दे."

पल्लवी त्यांची सून. अक्कांनी मान वर केली नाही. "पल्लवी दारात उभी राहणार. ती विचारील, आपण सांगू."

"मला जमायचं नाही."

"काय जमायचं नाही? परवा शिडीवर चढून वरचे डबे काढलेस ना."

"शिडीचं वेगळं."

"कसं वेगळं?"

"शिडीवर उमटत नाही."

त्यांचा हात थांबला. धाकटीच्या मुखवट्याच्या गालावर चिंचेचा कोळ तसाच ओघळत राहिला. मग त्यांनी तो पदरानं टिपला, जसा लेकराचा गाल टिपावा, आणि म्हणाल्या, "तूच आणायचीस."

"सगळ्या आळीला दाखवायचाय का माझा पाय?"

"तूच आणायचीस, रत्ना. अन् पुढं तू चालायचंस. मी मागून येते."

आमच्याकडं थोरली पुढं असते, धाकटी मागून. घर उभं राहिल्यापासूनची रीत. मी सुईत दोरा तसाच ठेवून उठले आणि आत गेले. जाताना ओट्याच्या फरशीवर माझा डावा पाय वाजला. फट्. मला खात्री आहे, अक्कांनी डोळे मिटून घेतले असतील. त्या आवाजाला त्या नेहमी डोळे मिटायच्या. मला ती कीव वाटायची, आणि कीव मला सोसत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. माघात माझ्या छातीत कळ आली आणि आठवड्याच्या आत मला औरंगाबादला नेऊन बायपास करावं लागलं. डाव्या पायातली शीर काढून काळजाला जोडली. घोट्यापासून मांडीपर्यंत आतल्या अंगानं टाके. ऑपरेशनच्या आधी सिस्टरनं माझं मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सगळं उतरवून अक्कांच्या ओटीत घातलं आणि बजावलं, "अंगावर काही ठेवायचं नाही मावशी. गंडा-दोरा काही नाही."

शुद्धीवर आल्यावर मी वॉर्डात आले, तेव्हा सोबतीला अक्काच. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नसत. शीर पायातून काढून छातीत लावली या गोष्टीचं अक्कांना फार नवल. शेजारच्या पेशंटला सांगायच्या, "आमच्या रत्नाचं काळीज आता पायावर चालतंय बघा. पाय थकला की काळीज थकणार." छातीचे टाके दुखायचे म्हणून मला हसता यायचं नाही. मी हातानं उशी छातीशी धरून हसायची, आणि त्या घाबरून म्हणायच्या, "नको हसूस, नको हसूस," आणि पुन्हा काहीतरी हसायचं सांगायच्या.

गुंगीत त्यांची ओवी ऐकू यायची. घरच्याच ओव्या, जागच्या जागी जुळवलेल्या.

थोरली लक्ष्मी म्हणे, धाकटे चाल पुढं
तुझ्या गं पावलानं, माझं दार उघडं

एका संध्याकाळी पाय जड झाला. गुडघ्याखाली मुंग्या यायला लागल्या. मी म्हणाले, "अक्का, पायाला काहीतरी आवळतंय."

"टाके आवळतात. पड उगी."

गोळीची गुंगी होती, मी पडले. सकाळी जाग आली तेव्हा अक्का पायाशी वाकलेल्या होत्या. माझा अंगठा त्यांच्या चिमटीत असावा, कारण त्या म्हणाल्या, "अंगठा हलव बघू."

छातीचे टाके मान वर करू देत नव्हते. मी पडल्या पडल्या हलवला.

"हलला का?"

"हलला गं," अक्का म्हणाल्या, आणि पांघरूण नीट करून खिडकीकडं गेल्या.

मी निर्धास्त झाले. दोन दिवसांनी मला उभं केलं तेव्हा डावं पाऊल वाळत घातलेल्या फडक्यासारखं खाली लोंबलं. टाच टेकली की पुढचा भाग आपोआप आपटायचा. वर उचलायला गेले तर मांडी उचलली जायची, गुडघा उचलला जायचा, पाऊल जिथल्या तिथं. पावलाच्या वरच्या अंगाला हात लावला तर दुसऱ्याच कुणाला हात लावल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोटानं दाबून दाखवलं. "इथं एक नस हाडाला वळसा घालून खाली जाते. अगदी कातडीखालून. तिथं दाब आला तर पाऊल असं पडतं. मोठ्या ऑपरेशनमध्ये कधी कधी होतं. पाय तासन् तास एका जागी राहिला, बँडेज आवळलं गेलं, सूज आली. नक्की कशानं, ते सांगता येत नाही. काहींचं भरून येतं. वाट बघू."

अक्का दाराशी उभ्या होत्या. डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत "चहा आणते" म्हणून त्या खाली गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत.

बँडेज आवळलं गेलं, एवढं आमच्या यांनी पक्कं धरलं. रोज माझी पट्टी बदलायच्या त्या जोगदंड सिस्टर. जालन्याच्या. माझ्या केसांत अडकलेला चिकटपट्टीचा तुकडा तेलाच्या बोटानं सोडवणारी बाई. यांनी तिला वॉर्डाच्या मधोमध उभं केलं.

"पट्टी बांधता येत नाही तर कशाला घालता ही पांढरी कापडं?"

"काका, मी सैलच..."

"सैल? माझी बायको घरात चालत आली असती. तुमच्या हातानं लंगडी झाली."

सगळ्या खाटांवरच्या बायका बघत होत्या. सिस्टरनं ट्रेमधली कात्री सरळ केली, मग पुन्हा वाकडी ठेवली. मी म्हणाले, "अहो, असू द्या," पण इतक्या हळू की ते मलाच ऐकू आलं. अक्का भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. नेहमी यांना दोन शब्दांत गप्प करणाऱ्या अक्का. त्या दिवशी त्यांचं तोंड उघडलं नाही. मला वाटलं, दिराचा राग बघून गप्प बसल्या असतील.

घरी आल्यावर लोक भेटायला यायचे. "ऑपरेशन छातीचं ना? मग पाय कसा गेला?" हा एकच प्रश्न. किती जणांना नस समजावून सांगणार? आधी सांगत होते. मग कुणीतरी माघारी म्हणालं, लकवा मारलाय, लपवायलेत. मग मी पाय मुरगळलाय म्हणायला लागले. सहा-सात महिने मुरगळलेला पाय कुणाचा असतो?

चप्पल पायातून कधी निसटली ते मला कळायचंच नाही. एकदा मोंढ्याच्या रस्त्यानं बरीच पुढं गेले आणि मागून हाक आली, "ओ काकू!" एक म्हातारा माणूस, चांगला धोतर-टोपीतला, माझी चप्पल हातात धरून पळत येत होता. त्यानं ती माझ्यासमोर वाकून ठेवली. वडिलांच्या वयाचा माणूस. मी आभारसुद्धा मानले नाहीत. घरी येऊन न्हाणीत बसून रडले आणि त्यानंतर बाहेर जायचं सोडलं. यांनी पुण्याहून पाऊल उचलून धरायची प्लास्टिकची पट्टी आणून दिली. ती बुटात घालायची. साडीखाली बूट. मी पेटीत ठेवून दिली.

अक्का रोज संध्याकाळी कोमट तिळाचं तेल घेऊन यायच्या आणि माझा पाय मांडीवर घ्यायच्या.

"अक्का, नका ना. थोरल्यांनी धाकटीच्या पायाला हात लावायचा नसतो."

"कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी."

"त्या गेल्या की आता. गप बस."

बोटं गुडघ्याखालच्या त्या एकाच जागी फिरत राहायची. पुन्हा पुन्हा. जसं कुणी फरशीवरचा डाग घासावा. मला तिथलं काही कळायचं नाही, फक्त त्यांच्या बांगड्यांचा आवाज यायचा. मला वाटायचं, हिला माझी दया येते. ज्या पावलाचं एवढं कौतुक झालं, ते आता पोळपाटाच्या मांडीवर पडलंय. असं वाटायचं, आणि असं वाटल्याची पुन्हा वेगळी लाज वाटायची.

महालक्ष्म्यांचा दिवस उजाडला. देवघराशी लक्ष्म्यांच्या धडाच्या कोठ्या मांडल्या, साड्या नेसवल्या. मुखवट्यांची जागा तेवढी रिकामी. लक्ष्म्यांपुढं दोरे ठेवायचे असतात. सुताचे पदर हळदीत भिजवून त्यांना गाठी मारायच्या, तीन दिवस लक्ष्म्यांपुढं ठेवून मग घरातल्या बायकांनी गळ्यात घालायचे. अश्विनात ते उतरवून देवघरातल्या डबीत जपून ठेवायचे. हे दोरे वळणं अक्कांचं काम. मी ताटं मांडताना बघितलं, दोऱ्यांची वाटी नव्हती.

"अक्का, दोरे?"

"यंदा दोरे नाहीत."

"कामून?"

"सूत आणलं नाही."

"पल्लवीला पाठवते, कोपऱ्यावरच मिळतं."

"नको म्हणलं ना." आवाज इतका कडक की पल्लवीनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. मग अक्का हळू बोलल्या, "देवीला दोरा लागतच असतो असं थोडंच आहे. तू तुळशीपाशी चल."

पल्लवी दारात ताट-पळी घेऊन उभी राहिली. आळीतल्या आठ-दहा बायका ओट्यावर, गल्लीत. तुळशीपाशी परात. मी उजवा पाय बुडवला, अंगठा, बोटं, टाच, सगळं थंडगार कळलं. डावा बुडवला. पाणी आहे की नाही ते बघूनच समजत होतं. अक्कांनी धाकटीचा मुखवटा माझ्या हातात दिला. चिंचेनं घासलेलं पितळ उन्हात असं झळकत होतं की बघवेना.

"पुढं हो," अक्का मागून म्हणाल्या.

"पडले तर?"

"मी आहे."

"हातातून लक्ष्मी सुटली तर?"

"तर मला दोष लागंल. तू पुढं हो."

मी निघाले. उजवं पाऊल, आणि मग गुडघा उंच उचलून डावं. फट्. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी दिसलंच. उजव्याची पाची बोटं उमटत होती आणि डाव्या बाजूला लाल फराटा, जसा कुणी ओला हात भिंतीवर ओढावा. फट्, आणि फराटा. गल्लीतली बोलणी थांबली. पल्लवीच्या पळीचे ठोकेही चुकायला लागले, कारण तीही बघत होती.

उंबऱ्याशी थांबले. पाऊल उंबऱ्यावर चढेना. बोटं लाकडाला अडकत होती. हात लावायला मोकळा नव्हता, दोन्ही हातांत लक्ष्मी.

"कुणाच्या पावलांनी आलीस गं बाई?" पल्लवीनं विचारलं. आवाज बारीक, पण चाल तीच, सासूबाईंची.

सोन्याच्या म्हणायचं होतं. ओठांवर येईना. लाल फराटा मागं पसरलेला, आणि मी सोन्याच्या म्हणणार? पल्लवीनं पुन्हा विचारलं. माझ्या कानशिलात काळजाचे ठोके वाजायला लागले, पायातून काढून लावलेल्या शिरेचे.

एवढ्यात मागून अक्का वाकल्या. त्यांच्याही हातात मुखवटा होता. एका हातानं तो छातीशी धरून दुसऱ्या हातानं त्यांनी माझं डावं पाऊल घोट्याशी पकडलं, उचललं, उंबऱ्यापलीकडं ठेवलं. भर आळीत, थोरल्या जावेनं. आणि त्याच सरळ होऊन माझ्या वतीनं म्हणाल्या, "माझ्या रत्नाच्या पावलांनी आली. ताट वाजव, पल्लवी."

ताट वाजलं. मी माजघरातून, स्वयंपाकघरातून, देवघरापर्यंत चालले. बघितलं नाही. कान बंद करता आले असते तर केले असते. मुखवटे बसवले, आरती झाली, बायका हळदीकुंकू लावून घेऊन गेल्या. मी देवघराच्या कोपऱ्यात पाठ करून समया सारत बसले, कुणाच्या तोंडाकडं बघायला नको म्हणून. पण कुणीच काही बोललं नाही. उलट जाताना शेजारच्या रमाबाई म्हणाल्या, "यंदा पावलं छान उमटली हं, रत्नाबाई."

मला ते टोमण्यासारखं लागलं. सगळ्या गेल्यावर मी उठून दारापर्यंत गेले आणि फरशी बघितली.

उजवं पाऊल माझं. बोटं, कमान, टाच. डाव्या बाजूला फराटा कुठंच नव्हता. त्या जागी एक रुंद, सपाट, भरलेलं पाऊल होतं. प्रत्येक फराट्यावर एक. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत, एकही न चुकता. अक्कांचा पोळपाट. त्यांनी मागून येताना स्वतःचा डावा पाय अचूक माझ्या फराट्यावर ठेवला होता, आणि उजवा माझ्या पावलाला धक्का न लावता कडेनं टाकला होता, नुसत्या टाचेवर. कितीतरी ठिकाणी त्यांच्या टाचेचे गोल ठिपके होते. त्या वयात, हातात मुखवटा धरून, बाई एका पायाच्या टाचेवर घरभर चालली होती. म्हणून तर ती मला पुढं हो म्हणत होती.

मी स्वयंपाकघरात गेले. अक्का चुलीशी बसून पुरणाचं पातेलं खरवडत होत्या. दिवेलागण झाली होती. पल्लवी पुढं दुकानात चहा घेऊन गेली होती. मी जमेल तशी वाकले आणि त्यांच्या पायाला हात लावला. तळवा अजून लाल होता.

त्यांनी पाय चटकन साडीखाली ओढून घेतला.

"अक्का, माझी लाज झाकलीत तुम्ही."

त्या पातेलं खरवडत राहिल्या. खरवडण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

"तुझी नाही गं," त्या म्हणाल्या. "माझी."

मला वाटलं त्या मोठेपणानं बोलतायत. मी म्हणाले, "तुमची कसली लाज? तुम्ही तर..."

"बस खाली. आधी बस. अन् माझ्याकडं बघू नको, मग मला सांगता येणार नाही."

मी बसले. चुलीकडं बघत बसले. पळीचा आवाज थांबला.

"तुला वॉर्डात आणलं तेव्हा मी इथून लक्ष्मीचा दोरा नेला होता. आदल्या वर्षीचा, डबीतला. त्या सिस्टरनं सांगितलं होतं, अंगावर काही नको. मी म्हणलं, पोरगी आहे, तिला काय कळतंय. पण बांधू कुठं? गळ्यात नळी, हातांत सुया, छातीला पट्ट्या. देवीला जागाच उरली नव्हती. मग मनात आलं, याच पायातली शीर काढून काळजाला लावलीय, म्हणजे रत्नाचं काळीज हितंच की. गुडघ्याखाली बांधला. चांगला तीन-चार वेढे देऊन, गाठ आवळून. सुटू नये म्हणून. वरून पांघरूण घातलं. पट्टी बदलायला सिस्टर आली की मी वरचा भाग झाकून धरायची, म्हणायची, तिला थंडी वाजती."

चुलीतलं लाकूड खाली बसलं. मी हात पुढं केला नाही.

"तू म्हणालीस, आवळतंय. मी म्हणलं, टाके. मला खरंच वाटलं, टाके. सकाळी पांघरूण काढलं तर पाय सुजून हा एवढा, अन् दोरा दिसंना. मांसात रुतून बसला होता. नखानं निघंना. सिस्टरच्याच ट्रेमधली कात्री घेतली अन् कापला. खाली निळा वळ उठला होता. दोरा मी कमरेला खोचला. कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टर बोट लावून दाखवत होता ना, बरोब्बर तीच जागा. तिथून मी उठून गेले. मुरलीधर भाऊजी त्या पोरीला सगळ्यांसमोर बोलले, तू खाटेवर होतीस, मी भिंतीशी होते. माझ्या कमरेला तो दोरा होता अन् मी भिंतीशी उभी होते. ती पोरगी माझ्याकडं बघत होती रत्ना. तिला ठाऊक असंल का गं?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"सात महिने झाले. रोज म्हणते, आज सांगते. तुझा पाय मांडीवर घेते, तोंड उघडते, अन् तूच म्हणतेस, अक्का तुम्ही किती करता माझं. मग कसं सांगू? दोरा सांगता आला असता एखाद्या दिवशी. चुकून झालं म्हणता आलं असतं. पण दुसरं एक आहे, ते चुकून नव्हतं."

"काय?"

त्यांनी पदर तोंडाशी नेला, मग खाली घेतला. पदरात बोलायचं नव्हतं त्यांना.

"दोरा कापल्यावर मी तुला म्हणलं, अंगठा हलव. तुझा अंगठा माझ्या बोटांत होता. तू विचारलंस, हलला का. तेव्हाच ओरडले असते, डॉक्टरला बोलावलं असतं, तर काय ठाऊक." त्यांनी पळी खाली ठेवली. "तो हलला नव्हता, रत्ना. मी तुला म्हणलं, हलला."